ओठ वेळेवर, केस मात्र चंद्रावर

दक्षिण कोरियातल्या ब्लॅकपिंक या चौघींच्या गटाचा ‘हाऊ यू लाइक दॅट’ हा व्हिडिओ २६ जून २०२० रोजी आला आणि पहिल्या २४ तासांत ८ कोटी ६३ लाख वेळा पाहिला गेला. के-पॉपच्या, म्हणजे कोरियन पॉप संगीताच्या व्हिडिओंमध्ये एक दृश्य हमखास भेटतं: केस आणि झालरी तरंगत, सावकाश खाली येताहेत, पण ओठ शब्दांवर बिनचूक. यावर ‘ओठ कॉम्प्युटरवर चिकटवलेत’, ‘हल्ली सगळं एआयच’ असं बेधडक लिहिणारे खूप. या दृश्याला लागतो तो साधा भागाकार, आणि गाणारीचा दम.

व्हिडिओत सेकंदाला २४ फ्रेम्स, म्हणजे स्थिर चित्रं, दिसतात असं धरू. कॅमेऱ्याने सेकंदाला ३६ फ्रेम्स टिपल्या आणि त्या २४च्या गतीने दाखवल्या, तर एका सेकंदाची हालचाल दीड सेकंद चालते. म्हणून सेटवरच्या स्पीकरवर गाणंच दीडपट वेगाने लावतात. गायिका त्या घाईत ओठ हलवते. नंतर सगळं दीडपट संथ झालं की ओठ मूळ लयीवर येतात, आणि त्याखाली स्टुडिओतलं मूळ गाणं जोडलं जातं. केसांना मात्र घाई करायला कुणी सांगितलेलं नसतं!

आता खरी गंमत. शाळेतलं सूत्र आठवा: पडणाऱ्या वस्तूने कापलेलं अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. त्यामुळे वेळ दुप्पट ताणला की पडद्यावरचं गुरुत्वत्वरण निम्मं नव्हे, चौथाई होतं. पृथ्वीवर ते ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग असतं; ३६ फ्रेम्सना त्याचं साधारण ४.४ उरतं, ४८ला २.४५. ६० फ्रेम्सना वेळ अडीचपट ताणला जातो, म्हणून ९.८ भागिले ६.२५, म्हणजे १.५७. चंद्रावर ते १.६२ आहे! केसांना हवा अडवते, त्यामुळे हा हिशेब झुलत्या कानातल्यांना जास्त चपखल लागतो. वेळ जितका ताणला तितका पंख्याचा वाराही पडद्यावर मंदावतो, म्हणून पंखा दणकट लागतो.

मग सगळा व्हिडिओच ६०वर का घेत नाहीत? मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं ३६ फ्रेम्सना १८० ठोक्यांवर जातं, ६०ला ३००वर. त्या लयीत चौघींनी एकसारखं नाचणं अशक्यच. शिवाय प, ब, म म्हणताना ओठ पूर्ण मिटावे लागतात. घाईत ते अर्धवट मिटले की संथ चित्रात चोरी लगेच पकडली जाते. म्हणून मोठा वेग चेहऱ्याच्या क्लोजअपला आणि लांबवलेल्या स्वरांना.

नुसता वेग वाढवला तर सूरही चढतो: दीडपटीला सा पंचमावर जातो, दुप्पटीला तार षड्जावर. आता सॉफ्टवेअर वेग आणि सूर वेगळे ठेवतं.  

घोटाळा दिव्यांमुळेही होतो. कोरियात वीज ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० आवर्तनांची, म्हणून विजेच्या लयीत लुकलुकणारा स्वस्त दिवा प्रत्येक आवर्तनात दोनदा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा उजळतो. प्रत्येक फ्रेमला कॅमेऱ्याचं शटर किती वेळ उघडं राहतं ते अंशांत मोजतात (३६० अंश म्हणजे पूर्ण वेळ). ४८ फ्रेम्सना शटर १४४ अंशांवर ठेवलं की प्रत्येक फ्रेमला १/१२० सेकंद, म्हणजे बरोबर एक उजळणं मिळतं. हीच मांडणी मुंबईत, ५० हर्ट्झवर वापरली तर चित्रावर पट्टे सरकतात, तिथे १७२.८ अंश हवेत.

आणखी एक बारीक चूक: व्हिडिओ दाखवण्याची गती बहुतेकदा २४ नसून २३.९७६ फ्रेम्स असते. तेव्हा ३६ फ्रेम्ससाठी गाणं १५० नव्हे, १५०.१५ टक्के वेगाने वाजवायला हवं. नाहीतर तीन मिनिटांच्या गाण्यात ०.१८ सेकंदांची, म्हणजे चार फ्रेम्सहून जास्त तफावत पडते. दोन-दोन सेकंदांच्या तुकड्यांत ती लपते. सलग घेतलेल्या शॉटमध्ये शेवटच्या कडव्यापर्यंत ओठ आणि शब्द उघड वेगळे पडतात.