कमरेएवढ्या पाण्यात पाय टेकवू नका

‘राफ्टमधून पडलात तर सरळ उभे राहा, पाणी कमरेएवढंच असतं.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि तो जीवघेणा आहे. पाऊल दोन दगडांच्या फटीत अडकलं, की मागचा प्रवाह अंगाला पुढे लोटतो, गुडघा वाकतो आणि तोंड पाण्याखाली जातं. अंगात लाइफ जॅकेट असलं तरी! पाण्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. तिथे पट्टीच्या पोहणाऱ्याचंही काही चालत नाही.

म्हणून उताणे व्हा. पाय प्रवाहाच्या दिशेने, पायाची बोटं पाण्यावर दिसतील इतके वर. संथ पाणी आलं की पालथे होऊन जोरात हात मारत काठ गाठा. कुणी दोर फेकला तर छातीशी धरा, मनगटाला मात्र कधीच गुंडाळू नका. उभं राहायचं ते पाणी गुडघ्याखाली आल्यावरच.