मागचा ब्रेक धरतो, पण सोडत का नाही?

सोलापुरात एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर गेला की अख्खी गाडीच तापलेली असते, त्यामुळे मागचं एक चाक बाकीच्या तिघांपेक्षा जास्त गरम झालंय हे कुणाच्या लक्षातच येत नाही. लक्षात काय येतं, तर अ‍ॅव्हरेज पडलंय, न्यूट्रलला टाकली की गाडी पूर्वीसारखी लांब जात नाही, हायवेवरून घरी आल्यावर मागून जळका वास येतो. गॅरेजला नेली की बऱ्याचदा एकच उत्तर मिळतं, शू गेलेत, बदलून टाका. नवे शू पडतात, थोडे दिवस बरे जातात अन् मग परत तेच सुरू. कारण शूला धरून ठेवणारा दुसराच कुणीतरी असतो आणि त्याला कुणी हातच लावलेला नसतो.

मारुती आठशे, झेन, जुनी वॅगनआर, सँट्रो, इंडिका, या सगळ्यांना मागे ड्रम ब्रेक, ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारं लोखंडी भांडं. पेडल दाबलं की पेडलला जोडलेला मास्टर सिलेंडर ब्रेक ऑइल ढकलतो, ते पाईपमधून मागच्या व्हील सिलेंडरमध्ये जातं, तिथले दोन छोटे पिस्टन बाहेर सरकतात आणि दोन अर्धगोल शू ड्रमला आतून दाबतात. त्यात गंमत अशी की गाडी पुढे जात असताना एक शू असा बसलेला असतो की फिरणारा ड्रमच त्याला ओढून आणखी घट्ट रुतवतो, म्हणजे ब्रेक स्वतःच स्वतःचा जोर वाढवतो. इथवर सगळं जोरदार आहे. पण पाय उचलल्यावर शूला मागे कोण आणतं? फक्त स्प्रिंग. ना ऑइल ओढतं, ना पेडल. ब्रेक लागतो पायाच्या ताकदीवर अन् सुटतो दोन स्प्रिंगांच्या भरवशावर, त्यामुळे ब्रेक चिकटला की स्प्रिंगच्या परतीच्या वाटेत कोण आडवं आलंय हेच शोधायचं असतं.

आडवे येणारे मुख्य तिघं. हँडब्रेकची केबल (तीही हेच शू ओढते), ऑइलचा रस्ता आणि ड्रमच्या आतलं यंत्र. यातला कोण, हे ड्रम न उघडता कळतं, आणि मला ही तपासणी फार आवडते कारण तिच्यात अंदाज लागत नाही.

गाडी सपाट जागेवर घ्या, पुढच्या चाकांना दगड लावा, मागची बाजू जॅकवर उचलून खाली स्टँड द्या, नुसत्या जॅकवर विसंबू नका. हँडब्रेक खाली. फ्रंट व्हील ड्राइव्ह असेल तर गाडी गिअरमध्ये राहिली तरी मागचं चाक हाताने फिरतं. आता फिरवून बघा. बारीक सर्र आवाज चालतो, पण एका हाताने फिरलं पाहिजे. जड असेल तर आधी हँडब्रेकच्या केबलचा नट सैल करा. चाक सुटलं? मग केबलच दोषी. नाही सुटलं तर त्या चाकामागचं ब्लीडर निप्पल, म्हणजे ऑइल अन् हवा बाहेर काढायचं छोटं तोंड, जरा सैल करा (त्यावर नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीत धरा, हे ऑइल गाडीच्या रंगावर पडलं की रंग खातं). ऑइलची पिचकारी उडाली अन् चाक एकदम मोकळं झालं तर प्रेशर आत अडकलं होतं, म्हणजे दोष ऑइलच्या रस्त्यात. अन् केबल सैल करूनही, निप्पल सोडूनही चाक जडच असेल तर मग ड्रम उघडायचा, आतलं काहीतरी अडकलंय. निप्पल उघडलंय म्हणजे नंतर एअर काढून लेव्हल बघणं आलंच.

ऑइलच्या रस्त्यातला सगळ्यात फसवा दोष रबरी होज पाईपचा. बाहेरून ठीक दिसतो, आतून त्याचं रबर फुगलेलं किंवा सोललेलं असतं. पाय दाबला की मोठं प्रेशर वाट काढून पलीकडे जातं, पण परतताना स्प्रिंगचा दाब इतका कमी असतो की ऑइल त्या चिंचोळ्या वाटेतून हळूहळू झिरपत मागे येतं, कधी कधी येतच नाही. चाक तापतं, ऑइल तापून फुगतं, दाब आणखी वाढतो, ब्रेक आणखी धरतो. म्हणून अशी गाडी सकाळी छान निघते अन् दहा-वीस किलोमीटरवर जड होते, सावलीत तासभर उभी केली की परत ठीक. केबलचा दोष असेल तर बहुतेक वेळा गाडी निघतानाच जड असते. मिस्त्रीला हा फरक नक्की सांगा, त्याचा अर्धा वेळ वाचतो. आणि दोन्ही मागची चाकं, किंवा चारही, एकदम धरत असतील तर चाकांकडे नाही, मास्टर सिलेंडर अन् पेडलच्या बाजूला बघा.

ब्रेक ऑइल म्हणजे डॉट ३ वगैरे प्रतीचं, ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ ताजं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा धरलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १४० अंश आहे. तो ओलावा व्हील सिलेंडरमध्ये गंजही करतो आणि पिस्टन तिथेच जाम होतो. दोन वर्षांनी ऑइल बदललेलं बरं.

आता आपल्याकडची खास अडचण. तुळजापूरचा घाट उतरताना पायाने ब्रेक दाबत आलात की ड्रम खूप तापतो. ओतीव लोखंड दर अंशाला मीटरमागे साधारण ११ मायक्रोमीटर वाढतं, म्हणजे २०० मिलिमीटर व्यासाचा ड्रम २०० अंशांनी तापला तर व्यास जवळपास ०.४ मिलिमीटरने वाढतो. आकडा किरकोळ वाटतो, पण शू अन् ड्रममधली फटच तेवढ्या मापाची असते. अशा तापल्या ड्रमवर हँडब्रेक कचकून ओढला तर ड्रम थंड होताना आकसतो आणि शूला आणखी आवळतो. काही गाड्यांत शू अन् ड्रममधली फट आपोआप जुळवणारा ऑटोमॅटिक अ‍ॅडजस्टर असतो, तो तापलेल्या ड्रमला बघून शू जास्त बाहेर सरकवून ठेवू शकतो, मग गार झाल्यावर चाक घासतंच. घाट खालच्या गिअरमध्ये उतरा, अन् उतरल्यावर लगेच हँडब्रेक न ओढता गिअर अन् दगडावर उभी करा. धुवून आणलेली गाडी हँडब्रेक लावून दिवसेंदिवस उभी ठेवली की गंजाने शू ड्रमलाच चिकटतात, तिथंही हाच उपाय.

आवाजांचं बघू. कुई-कुई हा कंपनाचा आवाज आहे, शू ड्रमला क्षणभर चिकटतो, सुटतो, परत चिकटतो, सारंगीच्या तारेवर गज फिरतो तसं. कोरड्या धुळीने किंवा तापून चकचकीत झालेल्या लायनरने (शूवरचा घासणारा थर) हे वाढतं, पॉलिश पेपरने लायनर हलका खरवडला की बऱ्याचदा थांबतं. खर्र-खर्र लोखंडावर लोखंड घासल्यासारखं येत असेल तर लायनर संपलंय, गाडी चालवू नका. सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला घासल्यासारखं येऊन थांबलं तर तो रात्रीचा पातळ गंज, काळजी नको. पुढे जाताना ब्रेक मारला अन् मग रिव्हर्सला मारला की एकदाच टक् होत असेल तर शू ज्या पत्र्यावर टेकतो त्या जागी खाच पडलीय किंवा तिथलं ग्रीस वाळलंय. अन् घूं आवाज ब्रेक न लावताही येत असेल, वळणावर कमी-जास्त होत असेल, तर शू सोडा, चाकाचं बेअरिंग बघा.

ड्रम उघडलाच तर कॉम्प्रेसरची हवा मारू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ती धूळ फुप्फुसात जाते, ओल्या फडक्याने पुसा. व्हील सिलेंडरचं रबरी बूट जरा उचलून बघा, आत ओलं दिसलं तर सील गेलंय. ऑइल लागलेला शू कधी घसरतो तर कधी उलट एकदम धरतो, म्हणून तसा शू पुसून परत बसवू नका. स्प्रिंगची वेटोळी सुटी, ताणलेली दिसली किंवा रंग जळालेला दिसला तर स्प्रिंग बदला, किंमत फार नसते, तरी लोक शू नवे अन् स्प्रिंग जुन्याच ठेवतात. ड्रमवर कमाल व्यास ओतलेला असतो, त्यापुढे घासला असेल तर लेथवर नेऊ नका, बदला. अन् एका वेळी एकच बाजू खोला, दुसरी बाजू तुमचा नमुना.

बसवताना आधी शूचं अ‍ॅडजस्टमेंट, म्हणजे शू अन् ड्रममधली फट जुळवणं, मग पेडल चार-सहा वेळा दाबून शू मधोमध बसू द्या, आणि केबल सगळ्यात शेवटी. केबल आधी ताणली तर शू आधीच बाहेर ओढलेले राहतात आणि चाक परत जड होतं.