सेकंडरी किती टक्के? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

आरशाच्या दुर्बिणीत मुख्य आरशापुढे एक छोटा आरसा असतो, ती सेकंडरी. प्रकाश डोळ्याकडे वळवते ती, आणि येणाऱ्या प्रकाशाची वाट थोडी अडवतेही. ती किती मोठी चालेल, हा जुना वाद. आरशांच्या दुर्बिणी नव्या होत्या तेव्हा तिच्याबद्दल तक्रार होती ती उजेडाची. स्पेक्युलम धातूचे आरसे बराच प्रकाश गिळायचे आणि दोन परावर्तनांनंतर निम्माही हाती लागत नसे. म्हणून इंग्लंडमध्ये स्लॉ इथल्या ४० फुटी दुर्बिणीत (१७८९) मुख्य आरसाच जरा तिरका बसवून सेकंडरीला रजा दिली गेली. १८५०च्या दशकात काचेवर चांदीचा मुलामा चढू लागला आणि ती कटकट मिटली.

खरा घोळ पुढचा, आणि तो टक्क्यांचा आहे. २०० मिमी आरशापुढे ६८ मिमीची सेकंडरी असेल तर अडथळा किती? व्यासाने मोजला तर ३४ टक्के, क्षेत्रफळाने साडेअकरा. दोन्ही आकडे खरेच. पण विकणाऱ्याला दुसरा आवडतो, यात नवल नाही. किती प्रकाश अडला हे क्षेत्रफळ सांगतं. प्रतिमेचं काय झालं ते बघायचं तर व्यासच धरावा लागतो. अडथळा नसेल तर ताऱ्याचा सुमारे ८४ टक्के प्रकाश मधल्या ठिपक्यात असतो. व्यासाने २० टक्के अडथळ्याला तो ७६ वर येतो, ३३ टक्क्यांना साधारण ६५ वर. उरलेला भोवतीच्या कड्यांत सांडतो आणि गुरूचे फिकट पट्टे एकमेकांत मिसळतात. गंमत म्हणजे ठिपका स्वतः किंचित बारीक होतो, त्यामुळे जोडतारे पाहणाऱ्यांची फारशी तक्रार नसते. ‘व्यासातून सेकंडरी वजा करा’ हा प्रचलित ठोकताळा (२०० वजा ६८, म्हणजे १३२ मिमीच्या भिंगाच्या दुर्बिणीइतका कॉन्ट्रास्ट) ग्रहांवरच्या फिकट तपशिलापुरताच घ्यावा. लोक तो सरसकट लावतात आणि भांडणं तिथूनच सुरू होतात.

१९७०नंतर आखूड नळीच्या, श्मिट-कॅसेग्रेन नावाच्या आरशाच्या दुर्बिणी घरोघरी पोचल्या आणि ३४ टक्के हा आकडा अंगवळणी पडला. फोकसबाहेर काढलेला तारा सेकंडरीच्या सावलीमुळे मेदूवड्यासारखा दिसतो, हे नव्या माणसाला पहिल्याच रात्री कळू लागलं. पुढे रुंद क्षेत्राचे आयपीस (डोळा लावायची भिंगं) आणि कॅमेऱ्यांचे मोठे सेन्सर आले. क्षेत्राच्या कडेपर्यंत पुरेसा उजेड पोचवायचा तर सेकंडरी वाढवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. एफ/८च्या (फोकल लांबी व्यासाच्या आठपट असलेल्या) न्यूटोनियन दुर्बिणीत सेकंडरी व्यासाच्या २० टक्क्यांच्या आत ठेवणारी जुनी मंडळी कुरकुरली, मला वाटतं रास्तच. पण २०००नंतर वेबकॅमने हजारो फ्रेम घेऊन त्या एकावर एक रचायची पद्धत रुळली. हरवलेला कॉन्ट्रास्ट सॉफ्टवेअरमधून बराचसा परत मिळू लागला आणि ग्रहांचे उत्तमोत्तम फोटो याच ‘जाड’ सेकंडरीच्या नळ्यांतून येऊ लागले. नुसत्या डोळ्याने बघणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

शिवाय मोजायचं नक्की काय, हा प्रश्न उरतोच. हबल या अवकाश दुर्बिणीचा मुख्य आरसा २.४ मीटरचा, सेकंडरी जेमतेम ०.३ मीटरची, म्हणजे व्यासाने १३ टक्क्यांच्या आसपास. प्रत्यक्षात अडथळा ३३ टक्के धरतात, कारण सेकंडरीभोवतीचा प्रकाशरोधक पत्रा तिच्यापेक्षा बराच रुंद आहे.