व्याधाचा अंधुक सोबती

निळसर पांढरा तारा अंधुक दिसत असेल, तर एक तर तो फार लांब असतो, नाहीतर फार लहान. मधल्या धुळीनेही तारे मंदावतात, पण धूळ निळा प्रकाश जास्त अडवते आणि ताऱ्याला लालसर करते. म्हणून रंग स्वच्छ निळसर असेल, तर धुळीचा संशय बराचसा मिटतो. उरलेल्या दोन शक्यतांपैकी कोणती खरी, हे अंतर कळल्याशिवाय सांगता येत नाही.

ताऱ्याचा रंग त्याच्या पृष्ठभागाचं तापमान सांगतो. मृग नक्षत्राजवळच्या तांबूस काक्षी या ताऱ्याचं तापमान सुमारे 3,500 केल्विन, सूर्याचं 5,772 आणि त्याच भागातल्या निळसर पांढऱ्या राजन्य ताऱ्याचं 12,000 केल्विनच्या आसपास. राजन्य आठशेहून अधिक प्रकाशवर्षं दूर असूनही नुसत्या डोळ्यांना ठळक दिसतो, कारण तो अवाढव्य आहे. व्याध (सिरियस) हा रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. त्याच्या जोडीने फिरणारा सोबती तारा मात्र आपल्यापासून अवघ्या 8.6 प्रकाशवर्षांवर आहे. त्याचं तापमान आहे सुमारे 25,000 केल्विन, म्हणजे राजन्याच्याही दुप्पट. आणि तरीही तो दुर्बिणीशिवाय दिसत नाही! त्याची दृश्यप्रत, म्हणजे दिसणाऱ्या तेजाचा आकडा, 8.4 आहे (हा आकडा जितका मोठा, तितका तारा अंधुक), तर नुसत्या डोळ्यांची मर्यादा साधारण 6 पर्यंतच पोचते.

हा तारा दिसण्याआधी त्याचं ओझं जाणवलं होतं. व्याध आकाशात सरळ रेषेत सरकत नाही, किंचित नागमोडी सरकतो, हे जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिश बेसेल यांच्या लक्षात आलं. 1844 मध्ये त्यांनी मांडलं, की कुणीतरी न दिसणारा जोडीदार व्याधाला ओढतो आहे. पुढे 31 जानेवारी 1862 रोजी अमेरिकेतले दुर्बीणकार अल्व्हन ग्रॅहम क्लार्क साडेअठरा इंचांचं नवं भिंग तपासत असताना व्याधाच्या झगमगाटालगत त्यांना एक बारीक ठिपका दिसला. तोच बेसेल यांचा जोडीदार. दोघं एकमेकांभोवती सुमारे 50 वर्षांत एक फेरी पूर्ण करतात. या कक्षेवरून सोबत्याचं वस्तुमानही काढता येतं. ते जवळजवळ सूर्याइतकंच भरतं.

इथवर फारसं नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. सूर्याएवढ्या वस्तुमानाचा, थंड पडलेला एखादा लाल तारा असेल, असं मानून गप्प बसता आलं असतं. पण 1915 मध्ये खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर ॲडम्स यांनी अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत त्याचा वर्णपट, म्हणजे रंगांत विभागलेला प्रकाश, मिळवला आणि तो निघाला तप्त, पांढऱ्या ताऱ्याचा. व्याध या सोबत्यापेक्षा सुमारे दहा हजार पट तेजस्वी दिसतो. एवढ्या झगमगाटाच्या शेजारून त्याचा प्रकाश वेगळा काढणं हे किती चिकाटीचं काम असेल!

आता हिशेब करून पाहू, कारण खरी गंमत त्यातच आहे. तापलेल्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमधून बाहेर पडणारी ऊर्जा तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. सोबत्याचं तापमान सूर्याच्या सुमारे 4.4 पट आहे. म्हणजे त्याचा प्रत्येक चौरस मीटर सूर्याच्या चौरस मीटरपेक्षा जवळजवळ 370 पट ऊर्जा फेकतो. पण सगळी मिळून त्याची ऊर्जा आहे सूर्याच्या फक्त चाळीसाव्या भागाइतकी. हे दोन्ही खरं असायचं, तर त्याचं क्षेत्रफळ सूर्याच्या सुमारे पंधरा हजाराव्या भागाएवढंच हवं. वर्गमूळ काढलं की त्रिज्या सूर्याच्या एकशेविसाव्या भागाच्या आसपास येते. पृथ्वीची त्रिज्या सूर्याच्या एकशेनवाव्या भागाएवढी आहे. थोडक्यात, सूर्याइतकं वस्तुमान पृथ्वीपेक्षाही किंचित लहान गोळ्यात कोंबलेलं आहे. ॲडम्स यांच्या काळात तापमानाचा अंदाज बराच कमी होता. त्यामुळे ताऱ्याचा आकार मोठा आणि घनता कमी येत होती. तरीही तेव्हाचे आकडेसुद्धा अविश्वसनीयच वाटत होते.

आजच्या मोजमापांनुसार या ताऱ्याच्या द्रव्याचा खेळातल्या फाशाएवढा तुकडा, म्हणजे एक घन सेंटीमीटर, सरासरी अडीच टनांच्या आसपास भरेल. पृष्ठभागावरचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे चार लाख पट आहे. या ओढीने जड मूलद्रव्यं खाली बुडतात आणि वर जवळजवळ निव्वळ हायड्रोजनचा पातळ थर उरतो. गाभा आहे कार्बन आणि ऑक्सिजनचा. वरच्या थरातला दाब इतका प्रचंड, की वर्णपटातल्या हायड्रोजनच्या रेषा पसरून रुंद होतात. रेषांच्या या रुंदीवरूनच ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण मोजता येतं.

गुरुत्वाकर्षणाची आणखी एक खूण प्रकाशात उमटते. आइनस्टाइन यांच्या सापेक्षतावादानुसार एवढ्या जबरदस्त ओढीतून बाहेर पडताना प्रकाशाची ऊर्जा थोडी खर्च होते आणि त्याची तरंगलांबी वाढते. हिला गुरुत्वीय ताम्रसृती म्हणतात. या ताऱ्याच्या बाबतीत ती इतकी आहे, की जणू तारा सेकंदाला सुमारे 80 किलोमीटर वेगाने दूर जात असावा. ॲडम्स यांनी 1925 मध्ये ती मोजली, पण व्याधाचा प्रकाश मिसळल्यामुळे त्यांचा आकडा बराच कमी आला. हबल दुर्बिणीने वातावरणाबाहेरून स्वच्छ वर्णपट घेतल्यावर हे मोजमाप नेमकं झालं.

अशा ताऱ्यांना श्वेत बटू म्हणतात. त्यांच्यातलं अणुइंधन संपलेलं असतं, मग स्वतःच्या भाराखाली ते कोसळत का नाहीत? 1926 मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ राल्फ फाउलर यांनी उत्तर दिलं: एकाच अवस्थेत दोन इलेक्ट्रॉन राहू शकत नाहीत, म्हणून फार दाटी झाली की त्यांना अधिकाधिक वेगाच्या अवस्था घ्याव्या लागतात आणि त्यातून दाब निर्माण होतो. हा दाब उष्णतेवर अवलंबून नसल्यामुळे तारा थंड होत गेला तरी टिकून राहतो. 1930 मध्ये जहाजाने इंग्लंडला जाताना, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी या विचारात सापेक्षतावाद मिसळला आणि या आधारालाही मर्यादा असल्याचं दाखवलं. वस्तुमान सूर्याच्या साधारण 1.4 पटीपलीकडे गेलं, की तो आधार पुरत नाही.

याच नियमातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते: श्वेत बटू जितका जड, तितका लहान. एरिडॅनस तारकासमूहातल्या ‘40 एरिडॅनी ब’ या श्वेत बटूचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे 0.57 पट आहे, व्याधाच्या सोबत्याहून कितीतरी कमी, पण त्याची त्रिज्या सोबत्याच्या दीडपटीहून अधिक आहे.

व्याधाचा सोबती आपली बहुतेक ऊर्जा अतिनील किरणांत फेकतो. मऊ, म्हणजे कमी ऊर्जेच्या, क्ष-किरणांत तर चित्रच उलटं होतं. चंद्रा या अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणीने घेतलेल्या छायाचित्रात सोबतीच ठळक आहे आणि व्याध फिका. दृश्य प्रकाशात तो शोधायचा असेल, तर हे दशक चांगलं आहे. कक्षेत दोघं सध्या एकमेकांपासून लांब आहेत, आकाशात सुमारे अकरा विकला अंतरावर (एक विकला म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग). हवा स्थिर असेल, तर आठ-दहा इंची दुर्बिणीतून प्रयत्न करून पाहावा. पुढे हे अंतर घटत जाईल आणि 2044 च्या सुमारास दोघं कक्षेत सर्वांत जवळ येतील, तेव्हा व्याधाच्या झगमगाटातून सोबती वेगळा काढणं फारच अवघड होईल.