केबीसीला जायचंय? रजिस्ट्रेशन, कागदपत्रं आणि टॅक्स, सगळं एका ठिकाणी

३ जुलै २००० ला केबीसी म्हणजे कौन बनेगा करोडपती सुरू झालं तेव्हा सगळ्यात मोठं बक्षीस १ कोटी होतं आणि त्याच वर्षी मुंबईच्या हर्षवर्धन नवाथेने ते जिंकलं. मग २००५ ला २ कोटी झाले, २०१० ला १ कोटीच्या पुढे ५ कोटींचा जॅकपॉट आला, २०१३ ला ७ कोटी, २०२२ ला साडेसात. आकडा वाढला तसे फॉर्म भरणारेही वाढले आणि फसवणारेही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

पात्रता साधी आहे, भारतीय नागरिक पाहिजे आणि १८ वर्षं पूर्ण पाहिजेत. चॅनेलमध्ये किंवा शो बनवणाऱ्या कंपनीत काम करणारे आणि त्यांच्या घरचे चालत नाहीत. बाकी कोणीही जाऊ शकतं, २०१९ ला १ कोटी जिंकलेल्या अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायच्या.

रजिस्ट्रेशन चालू असताना रोज रात्री टीव्हीवर एक प्रश्न येतो, दिलेल्या वेळेत सोनीलिव्ह अॅपवरून किंवा एसएमएसने उत्तर पाठवायचं. बरोबर उत्तरं लाखोंनी येतात, त्यातून काही जणांना कॉम्प्युटर निवडतो, त्यांना फोन येतो, फोनवर अजून प्रश्न, मग प्रत्यक्ष ऑडिशन म्हणजे जनरल नॉलेजची टेस्ट आणि व्हिडिओ इंटरव्ह्यू. एवढं झालं तरी हॉटसीट पक्की नाही, आधी फास्टेस्ट फिंगर, म्हणजे सगळ्यांत लवकर बरोबर उत्तर द्यायची फेरी, जिंकावी लागते.

कागदपत्रांत वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, आधार, पॅन, फोटो आणि बँक खात्याचे डिटेल्स तयार ठेवा. आणि खरी अडचण इथेच होते, कागद नसतात म्हणून नाही तर त्यावरची नावं जुळत नाहीत म्हणून. आपल्याकडे पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत नुसतं आद्याक्षर आणि आडनाव, असं घरोघरी सापडेल (माझ्या बहिणीच्या आधारवर सुनीता आणि पॅनवर सुनिता आहे, एका वेलांटीचा फरक, पण इंग्रजी स्पेलिंगमध्ये तो पूर्ण वेगळा दिसतो). फोन यायची वाट बघू नका, आत्ताच दुरुस्त करून घ्या.

आता टॅक्स, हे नीट वाचा. बक्षिसावर सरसकट ३० टक्के टॅक्स आहे, तुमची बाकी कमाई शून्य असली तरी, आणि त्यात विमा, पीपीएफ वगैरेची कुठलीच वजावट मिळत नाही. १ कोटी जिंकलात तर ३० लाख टीडीएस (पैसे हातात द्यायच्या आधीच कापला जाणारा टॅक्स) कापून ७० लाख खात्यात येतात आणि सगळ्यांना वाटतं विषय संपला, पण संपत नाही, कारण ५० लाखांच्या वर उत्पन्न गेलं की त्या टॅक्सवर १० टक्के सरचार्ज म्हणजे ३ लाख, आणि या ३३ लाखांवर ४ टक्के सेस म्हणजे १ लाख ३२ हजार. हे ४ लाख ३२ हजार टीडीएसमध्ये कापलेले नसतात, ते आपण स्वतः भरायचे, पुढच्या अॅडव्हान्स टॅक्सच्या (वर्ष संपायच्या आधीच हप्त्यांनी भरायचा टॅक्स) हप्त्यात, आणि हप्ते उरलेच नसतील तर ३१ मार्चच्या आत, नाहीतर व्याज लागतं. म्हणजे हातात खरे ६५ लाख ६८ हजार. घर बुक करायच्या आधी हा आकडा धरा. पगार वगैरे मिळून एकूण उत्पन्न १ कोटीच्या वर गेलं तर सरचार्जचा दरही वाढतो, तेव्हा सीएला भेटाच. रिटर्नला नेहमीचा आयटीआर १, ज्याला 'सहज' म्हणतात, तो फॉर्म चालत नाही, नोकरदाराला आयटीआर २ भरावा लागतो. पॅन नीट दिलेला नसेल तर कापलेला टीडीएस तुमच्या नावावर दिसतच नाही.

आणि ते व्हॉट्सअॅपवर येणारं २५ लाखांची लॉटरी लागली वालं, अमिताभचा फोटो, शिक्का, सही, सगळं असतं त्यात, मग म्हणतात आधी प्रोसेसिंग फी भरा, टॅक्स भरा. केबीसीत लॉटरी नसतेच, हॉटसीटवर बसून उत्तरं द्यावी लागतात, आणि रोख बक्षिसाचा टीडीएस बक्षिसातूनच कापतात, तुमच्याकडून आधी मागत नाहीत. चुकून पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर कराल तितके पैसे अडवता यायची शक्यता जास्त.