ऑनलाइन मानसोपचार खानदेशात कसा पोचला

राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. खानदेशाच्या वाट्याला त्यातलं एकही आलं नाही. त्यामुळे घरात कुणाचं डोकं बिघडलं, की इथे आधी गाडीची चौकशी व्हायची. भुसावळहून मुंबई रेल्वेने साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, आणि सोबतीला एक-दोन माणसं हवीतच. जळगाव-धुळ्यात मनोविकारतज्ज्ञ आहेत, पण गर्दीच्या ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला काही मिनिटं येतात. गोळ्या लिहून होतात, बोलणं राहून जातं. दर आठवड्याला तासभर बसून बोलायचं, या उपचारासाठी दर आठवड्याला कोण प्रवास करणार? शिवाय गावाला काय सांगून निघणार?

ऑनलाइन मानसोपचार कोरोनात जन्मला असं सर्रास म्हटलं जातं. ते खरं नाही. दुरून उपचार करण्याची धडपड जवळजवळ मानसोपचाराइतकीच जुनी आहे. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९०९ साली छापलेली ‘छोट्या हान्स’ची केस घ्या. पाच वर्षांच्या त्या मुलावरचा उपचार मुख्यतः त्याच्या वडिलांमार्फत झाला. वडील लिहून कळवत आणि फ्रॉइड सल्ला देई. १९५३मध्ये लंडनमध्ये चॅड व्हारा या धर्मगुरूने आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी टेलिफोन सेवा सुरू केली. १९५९मध्ये अमेरिकेत नेब्रास्काच्या मनोविकार संस्थेत क्लोज्ड सर्किट टीव्हीवरून गटोपचार झाले, आणि १९६४मध्ये तिथूनच ११२ मैलांवरचं नॉरफोकचं सरकारी रुग्णालय जोडलं गेलं. ११२ मैल म्हणजे सुमारे १८० किलोमीटर. धुळ्याहून निघालात तर नाशिक ओलांडून पुढे जाल, एवढं अंतर.

मग पुढची पन्नास वर्षं गाडी अडली कुठे? माझ्या मते तंत्रापेक्षा थेरपिस्टच्या मनात. १९६६मध्ये संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ हा संवाद साधणारा संगणकी प्रोग्रॅम बनवला, तेव्हा त्यांच्याच सेक्रेटरीने त्याच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. बोलणारी माणसं तयार होती, अस्वस्थ झाले ते वायझेनबॉम. थेरपिस्टचंही तसंच. समोरच्याचा श्वास, पायाची हालचाल, दारातून आत येतानाची चाल, यावर त्यांचं अर्धं काम चालतं. ते हातचं सोडायला कोण राजी होईल? अमेरिकेतल्या अडीच हजारांवर मानसशास्त्रज्ञांच्या एका पाहणीत महासाथीआधी त्यांचं जेमतेम ७ टक्के काम दुरून चाले. महासाथीत ते ८५ टक्क्यांवर गेलं. मन वळलं असं म्हणता येणार नाही, दारच बंद झालं होतं.

आपल्याकडे राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२चा, जिल्हा पातळीवरचा १९९६चा. तरी २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वेगवेगळ्या मनोविकारांतले ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराबाहेर आढळले. २०१६नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि रावेरच्या केळीच्या मळ्यातही व्हिडिओ कॉल लागू लागला. २५ मार्च २०२० हा टाळेबंदीचा पहिला दिवस, आणि केंद्राच्या टेलिमेडिसिन, म्हणजे दुरून वैद्यकीय सल्ला देण्याच्या, मार्गदर्शक तत्त्वांवरही तीच तारीख आहे. पण ही तत्त्वं नोंदणीकृत डॉक्टरांसाठी, म्हणजे मनोविकारतज्ज्ञांसाठी. गोळ्या न देता बोलून उपचार करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे. साधा समुपदेशक मात्र या दोन्हींत बसत नव्हता. पाटी कुणीही लावावी अशी स्थिती, आणि ऑनलाइन तर पाटीचाही खर्च नाही.

थेरपिस्टच्या अनुभवात मग काय काय आलं? आधी व्हिडिओ कॉलचा थकवा. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१मध्ये त्याची कारणं मांडली: सतत जवळून रोखलेली नजर, स्वतःचाच चेहरा समोर दिसत राहणं, एका जागी खिळून बसणं आणि हावभाव कळण्या-कळवण्यासाठी लागणारं जास्तीचं लक्ष. त्यात नजरेला नजर भिडतच नाही. समोरच्याच्या डोळ्यांत पाहावं तर कॅमेरा सुटतो, कॅमेऱ्यात पाहावं तर माणूस.

पण शहरी थेरपिस्टची हळहळ असते ती समोरासमोर बसायची हातची खोली गेल्याची. खानदेशात ही खोली बहुतेकांना कधी मिळालीच नव्हती, म्हणून इथला हिशेब वेगळा लागतो. अमळनेर-चोपड्याकडून पुण्याला शिकायला गेलेली आणि तिथेच स्थिरावलेली मुलंमुली आता तिथूनच गावाकडच्यांची सेशन घेऊ शकतात. प्रमाण मराठीत सुरू झालेलं बोलणं रडू आलं की अहिराणीवर येतं, ‘मना जीव लागत नही’, आणि ऐकणाऱ्याला ते समजावून सांगावं लागत नाही. ही सोय मला व्हिडिओच्या चित्रापेक्षा मोठी वाटते.

खरी अडचण आडोशाची. चार खणांच्या घरात दार लावून तासभर बोलणारी सून सगळ्यांच्या नजरेत येते. मग कुणी गच्चीवर जातं, कुणी शेतातल्या विहिरीपाशी, कुणी उभ्या केलेल्या गाडीत काचा चढवून बसतं. फोन डब्याला टेकवलेला, त्यात हनुवटी आणि वरचं छत दिसतं, हात दिसत नाहीत. म्हणून काळजीने काम करणारा थेरपिस्ट सेशनच्या सुरुवातीला ‘आवाज येतोय का?’ एवढ्यावर थांबत नाही. आत्ता नेमके कुठे आहात, जवळ कोण आहे, काही झालं तर कुणाला फोन करू, हे विचारून घेतो. कुणी आत आलं तर विषय बदलण्यासाठी एखादा शब्दही ठरवून ठेवतो. कॉल तुटला तर परत कुणी लावायचा, हेही आधीच ठरलेलं बरं. नाहीतर हुंदक्याच्या मध्यात रेंज जाते आणि दोघंही एकमेकांना फोन लावत ‘व्यस्त’ ऐकत बसतात.

१० ऑक्टोबर २०२२ला मानसिक त्रासात फोनवरून मदत देणारी केंद्राची टेलि-मानस सेवा सुरू झाली, क्रमांक १४४१६. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांत व्हिडिओचं नाव काढण्यात अर्थ नसतो, तिथे साधा फोन लागला तरी पुष्कळ. त्यातही बाईच्या हातातला फोन पुष्कळदा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. म्हणून थेरपिस्टने सेशनची आठवण करून देणारा मेसेज त्या नंबरवर टाकण्याआधी, तो उघडणार कोण, हे तिलाच विचारावं लागतं. बऱ्याचदा मेसेज न पाठवता, पुढच्या वेळी तिनेच फोन करायचा, असं ठरतं.