दुखवट्याचा खलिता

दुखवट्याचा खलिता : प्रतिस्पर्धी दरबारातला सत्ताधीश मरण पावला की त्याच्या वारसाला जाहीरपणे पाठवायचे पत्र. बहुधा सोबत दुखवट्याची वस्त्रेही जात. अठराव्या शतकातील पेशवे-निजाम व्यवहार या रीतीचा चांगला नमुना आहे.

खलिता म्हणजे मोहोरबंद थैलीतले दरबारी पत्र. मृताविषयी शोक, जुन्या स्नेहाची आठवण, वारसाचे अभीष्टचिंतन असा त्यातला मजकूर ठरीव असे. मुरलेला कारभारी आधी मायना पाही : नव्या माणसाला बापाचे किताब लावले आहेत की नाही? गादी मान्य झाली का, हे तिथेच उमगे. बाकीचा निरोप फौजेच्या मुक्कामावरून कळे आणि तो मुक्काम पुष्कळदा मराठवाड्यात पडे.

पहिला निजाम निजामुल्मुल्क 1748 मध्ये बुऱ्हाणपूरला वारला. त्याची कबर खुलताबादेत आहे. पुढच्या चार वर्षांत त्याची गादी तिघांकडे फिरली. त्याचा थोरला मुलगा गाजीउद्दीन दिल्लीहून औरंगाबादेस (आताचे छत्रपती संभाजीनगर) आला, तेव्हा बाळाजी बाजीरावाने गादीवर असलेल्या त्याच्या धाकट्या भावाला, सलाबतजंगाला, डावलून त्याचा पक्ष उचलला. ऑक्टोबर 1752 मध्ये गाजीउद्दीन तिथेच मेला. सावत्र आईने विष घातले असे सांगतात. पेशव्याने फार शोक केलेला दिसत नाही. उदगीरच्या पलीकडे भालकी येथे नोव्हेंबरमध्ये त्याने सलाबतजंगाशीच तह केला आणि गाजीउद्दीनने कबूल केलेला मुलूख त्याच्याकडून पदरात पाडून घेतला.

पानिपतानंतर पारडे फिरले. 23 जून 1761 रोजी बाळाजी बाजीराव वारला. सोळा वर्षांचा माधवराव गादीवर आला आणि त्याच वर्षी निजामाची फौज पुण्याच्या रोखाने निघाली. वाटेत गोदाकाठच्या टोक्याची देवळे फोडल्याने निजामाकडचे मराठे सरदार बिथरले, रामचंद्र जाधव तर उघड फुटला. पोरसवदा पेशव्याविषयीचा निजामाचा अंदाज 10 ऑगस्ट 1763 रोजी बीड जिल्ह्यातील राक्षसभुवनात चुकीचा ठरला. तिथे त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर पडला.

सर्वांत चतुर प्रतिसाद मात्र एका ओलिसाचा म्हणावा लागेल. मार्च 1795 मधील खर्ड्याच्या पराभवानंतर निजामाने दौलताबादसह मुलूख सोडला आणि दिवाण मुशीरुल्मुल्क याला पुण्याच्या ताब्यात दिले. ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव गेला. वारसाच्या भांडणात प्रत्येक पक्षाला निजामाचा पाठिंबा हवा होता. नजरकैदेतल्या दिवाणाला एकाएकी भाव आला. 1796 च्या महाडच्या तहात नाना फडणवीसाने दुसऱ्या बाजीरावाच्या बाजूने निजामाला वळवण्यासाठी खर्ड्याची बहुतेक कमाई परत करण्याचे कबूल केले. शोकाचे शब्द दोन्हीकडून गेले असतीलच. हिशेब झाला तो मुलखाचा.

या संदर्भात 1948 चाही उल्लेख होतो. बॅ. जिना 11 सप्टेंबरला वारले आणि 13 सप्टेंबरला भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गमार्गे हैदराबाद संस्थानात शिरल्या. पण कारवाईचा निर्णय जिनांच्या मृत्यूआधीच झालेला होता. त्यामुळे ही चढाई म्हणजे कराचीतील सत्ताबदलाला दिलेले उत्तर, असे मानता येत नाही.